चांदीपुरा : एका गावाचे आणि एका तापाचे नाव



२०२४ च्या आषाढात आपण सगळ्यांनीच गुजराती वर्तमानपत्रांत एक शब्द रोज वाचला : चांदीपुरा. साबरकांठा, अरवली, पंचमहाल, महिसागर अशा जिल्ह्यांतून लहान मुलांच्या मृत्यूच्या बातम्या येत होत्या. सकाळी ताप, दुपारी उलट्या, संध्याकाळी आकडी, आणि दुसऱ्या दिवसाचा सूर्य पाहण्याआधी लेकरू गेलेले. कडोदरा चोकडीवरच्या चहाच्या टपरीवर एका ओळखीच्या गुजराती गृहस्थांनी पेपर माझ्यापुढे सरकवून विचारले, "चांदीपुरा तमारा महाराष्ट्रनुं गाम छे ने?" प्रश्नात थोडी तक्रारही होती, जणू हायवेच्या एखाद्या ट्रकमध्ये घालून हा ताप आम्हीच इकडे आणला होता. मी म्हणालो, हो, नागपूरकडचे गाव आहे. त्यापलीकडे मला काही सांगता आले नाही आणि त्याची मला लाज वाटली. पुढच्या काही महिन्यांत जे वाचले, विचारले, समजून घेतले, ते या व्याख्यानाच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवतो आहे. मी डॉक्टर नाही. इतिहासाचा वाचक आहे. म्हणून औषधोपचारापेक्षा या नावाची कथा सांगणे मला जमेल. पण त्या कथेतच मुलांच्या जिवाचा प्रश्न दडलेला आहे, हे आपल्याला पुढे दिसेल.

गावाचे नाव रोगाला चिकटले की काय होते, हे सुरतकरांना वेगळे सांगायला नको. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची बातमी फुटली, आणि काही दिवसांत लाखो माणसे रेल्वेने, बसने, मिळेल त्या वाहनाने शहर सोडून गेली. खानदेशात गेलेल्या आपल्याच माणसांना तिथल्या आपल्याच नातेवाइकांनी आठवडाभर ओसरीवर झोपवल्याचे किस्से आजही लग्नाच्या पंगतीत निघतात. प्लेग हा जिवाणूचा रोग, विषाणूचा नव्हे; तेव्हा तो आजच्या विषयात बसत नाही. पण 'हा खरोखर प्लेग होता का' यावर पुढे कितीतरी दिवस तज्ज्ञांत वाद चालला आणि तोवर शहराचे नाव जगभर जाऊन पोचले होते. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नव्या रोगांना गावांची, देशांची नावे देऊ नका, अशी सूचना काढली. चांदीपुऱ्याला ती सूचना पन्नास वर्षे उशिरा मिळाली.

*

पुण्याच्या प्रयोगशाळेकडे जाण्याआधी थोडे आपल्या घरात डोकावू. आपली घरे इथे जुनी. कोणाचे पणजोबा तापी व्हॅली रेल्वे झाली तेव्हा नंदुरबार-अमळनेरकडून आले, कोणी लूमवर आले, कोणी चलथाण-बारडोलीच्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला कोयता घेऊन आले आणि इथलेच झाले. ट्रंकेत भांडीकुंडी आली तसे दुखण्यांचे शब्दही आले : देवी, गोवर, कांजिण्या, मानमोडी. या शब्दांमध्ये बरेच ज्ञान साठवलेले होते, असे मला आता वाटते.

'एकदा देवी येऊन गेल्या की पुन्हा येत नाहीत', हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून देवी आलेल्या मुलाच्या उशाशी तोंडावर वण असलेली बाई बसे. आज त्याला आपण रोगप्रतिकारशक्ती म्हणतो. शरीराने शत्रूची ओळख ठेवलेली असते आणि पुढच्या वेळी रक्तातले प्रतिपिंड त्याला दारातच अडवतात. याच ओळखीचा उपयोग करून १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली देवीची लस टोचली गेली आणि तिच्या दंडावरच्या फोडातली लस पुढे दंडावरून दंडावर करत गावोगाव नेली गेली. १९७५ मध्ये हा रोग देशातून गेला. गुजराती घरांतल्या शीतळा सातमीचे थंड जेवण मात्र राहिले आहे.

गोवराबद्दलची समजूत याहून सूक्ष्म होती. 'गोवर गेला तरी वर्षभर पोराला जपा', असे म्हणत. गोवर उतरलेले मूल पुढे हगवणीने, खोकल्याने, क्षयाने जाते, हा अनुभव होता. १९०८ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने याच गोष्टीची एक वेगळी बाजू टिपली. क्षयाची तपासणी करण्यासाठी त्वचेत ट्युबरक्युलिन टोचतात. शरीरात क्षय असेल तर तिथे गाठ येते. गोवर चालू असलेल्या मुलांत ही गाठ येईनाशी होते, असे त्याला दिसले. मुलाच्या शरीरात क्षय होता तसाच होता. फक्त गोवराने प्रतिकारशक्ती दाबली होती, म्हणून परीक्षा खोटे बोलत होती. विषाणू माणसाला आजारी पाडतो एवढेच नव्हे, तर तो आपल्या तपासणीलाही फसवू शकतो, याचे हे फार जुने उदाहरण. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोवरानंतर त्यांच्या जुन्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीसे झालेले आढळले. म्हणजे गोवराचा विषाणू शरीराची वहीच फाडतो. पूर्वी झालेल्या इतर रोगांची ओळखही पुसली जाते. त्यातच या तापात अ जीवनसत्त्व झपाट्याने खर्च होते, आणि अर्धपोटी मुलाचे डोळे जातात. 'वर्षभर जपा' म्हणणाऱ्या आजीला यातले काही ठाऊक नव्हते, पण तिचे म्हणणे खोटे नव्हते.

मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. १० जून १९१८ ला मुंबईत पोलिसांचे सात शिपाई तापाने इस्पितळात आले, त्यातला एक गोदीवर पहाऱ्याला होता. पहिली लाट सौम्य गेली. सप्टेंबरमध्ये दुसरी आली आणि ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महाग होते, आणि उपाशी शरीरांना तो ताप झेपला नाही. तेव्हाचे डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून बघत आणि त्यांना फायफरने १८९२ मध्ये वर्णन केलेला एक जिवाणू दिसे. तोच गुन्हेगार, असे बहुतेकांनी धरले होते. खरा विषाणू लंडनमध्ये १९३३ मध्ये सापडला. आपल्या कितीतरी घराण्यांच्या वंशावळीत १९१८ पाशी एक फांदी तुटलेली असते. ती ज्याने तोडली त्याचे खरे रूप पंधरा वर्षे कोणाला माहीत नव्हते.

अजून एक घरगुती शब्द राहिला : लंघन. तापात अन्न तोडायचे. यावर मी पूर्वी हसत असे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात उंदरांवर एक प्रयोग झाला. जिवाणूने आजारी पाडलेल्या उंदरांना ग्लुकोज भरवले तर ते मेले, न भरवलेले वाचले. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूने आजारी उंदरांत मात्र उलट झाले. ग्लुकोज मिळालेले तगले, आणि ग्लुकोजचा वापर रोखलेले मेले. उंदरांवरून माणसांचे नियम काढू नयेत. पण ताप म्हणजे केवळ कपाळ तापणे नव्हे, शरीराचा सगळा जमाखर्च बदलणे आहे, हे त्यातून कळते. ताप एक अंश सेल्सिअसने चढला की शरीराचा ऊर्जेचा खर्च साधारण दहा टक्क्यांनी वाढतो. विषाणूला स्वतःचे स्वयंपाकघर नसते. तो पेशीत शिरतो आणि तिच्याच चुलीवर, तिच्याच पिठात आपल्या प्रती काढतो. मोठ्या माणसाच्या यकृतात साखरेचा साठा बरा असतो. लहान, त्यातही कुपोषित मुलाचा एका रात्रीत संपतो. आणि मेंदूला साखर लागतेच. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

*

आता पुणे. १९५२ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेचे रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून तिथे व्हायरस रिसर्च सेंटर काढले. डास, गोचीड, माश्या यांच्यामार्फत पसरणारे विषाणू शोधणे हे त्याचे काम. १९७८ पासून त्यालाच नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ व्हायरॉलॉजी म्हणतात. कोविडच्या काळात 'एनआयव्ही' हे नाव घरोघर पोचले.

त्यांच्या पहिल्याच कामांपैकी एक म्हणजे देशातल्या लोकांच्या रक्तात कुठकुठल्या विषाणूंविरुद्ध प्रतिपिंड आहेत, हे पाहणे. पद्धत सोपी पण खर्चिक होती. माणसाच्या रक्तातला पातळ भाग, म्हणजे सीरम, विषाणूत मिसळायचा आणि उंदराला टोचायचा. उंदीर जगला तर त्या माणसाने तो विषाणू पूर्वी कधीतरी पाहिलेला आहे. १९५४ मध्ये निकाल छापले गेले, त्यात १९६ माणसांपैकी ३३ जणांच्या रक्तात झिका विषाणूविरुद्ध प्रतिपिंड होते. युगांडातल्या एका जंगलाचे नाव असलेला तो विषाणू तेव्हा कोणाच्या खिजगणतीत नव्हता. डेंग्यूचे प्रतिपिंडही झिकाला ओळखल्यासारखे वागतात, म्हणून त्या आकड्याचा अर्थ काय लावायचा यावर पुढे मतभेद झाले. विषाणूच्या चुलतभावांमुळे तपासणी गोंधळते ती अशी. प्रत्यक्ष झिकाचे रुग्ण भारतात प्रयोगशाळेने सिद्ध केले ते अहमदाबादच्या बापूनगरात. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१७ मध्ये त्या तीन रुग्णांची नोंद जाहीर केली. दोन नोंदींमध्ये त्रेसष्ट वर्षे.

पुण्याच्या केंद्राचे नाव झाले ते १९५७ मध्ये. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, मग माणसे आजारी पडू लागली, आणि केंद्राच्या माणसांनी गोचिडीतून पसरणारा नवा विषाणू शोधला. तोही गावाच्या नावाने ओळखला जातो.

मग १९६५. उन्हाळ्यात नागपूर भागात तापाची मोठी साथ होती, चिकुनगुनिया आणि डेंग्यूची. पुण्याहून माणसे गेली, रक्ताचे नमुने घेतले, बर्फात घालून आणले. नमुने पेशींच्या थरावर टाकायचे आणि पेशी मरतात का ते पाहत बसायचे, असे ते काम. दोन रुग्णांच्या रक्तातून निघालेला विषाणू वेगळाच निघाला. तो चिकुनगुनियाही नव्हता आणि डेंग्यूही नव्हता, आणि पेशींचा फडशा फार लवकर पाडत होता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या कुळातले विषाणू बंदुकीच्या गोळीसारखे दिसतात. पिसाळलेल्या कुत्र्याच्या रेबीजचा विषाणू यांच्या दूरच्या नात्यातला. प्रवीण भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये हा शोध प्रसिद्ध केला. नमुने ज्या गावचे, त्या गावाचे नाव विषाणूला मिळाले. चांदीपुऱ्याचा दोष इतकाच, की तिथल्या लोकांनी रक्त दिले.

यानंतरची साडेतीन दशके मला या कथेतला सर्वांत बोलका भाग वाटतो, कारण त्यात फारसे काही घडले नाही. १९७० मध्ये औरंगाबाद भागात पकडलेल्या वाळूमाशीत हा विषाणू सापडल्याचे छापून आले. ही माशी डासाहून कितीतरी लहान, दोन-तीन मिलिमीटरची. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून सहज आत येते, लांब उडत नाही, टुणटुणत जाते, आणि मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यातल्या ओलसर मातीत वाढते. तिकडे नायजेरियात साळूसारख्या काटेरी हेजहॉगमध्येही हाच विषाणू मिळाला. देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या लोकांच्या रक्तात याचे प्रतिपिंड सापडत होते, म्हणजे तो पुष्कळांना होऊन जात होता. १९८० मध्ये मध्य प्रदेशात मेंदूच्या विकाराच्या रुग्णाच्या रक्तातूनही तो वेगळा काढला गेला, आणि १९८३ मध्ये तसे प्रसिद्धही झाले. तरीही तो 'अनाथ विषाणू'च राहिला. विषाणू आहे, पण त्याचा म्हणावा असा रोग नाही. शीतपेटीत एक कुपी, नोंदवहीत एक नाव.

एक गोष्ट मात्र प्रयोगशाळेतल्या उंदरांनी तेव्हाच सांगितली होती. पोटात टोचला तर मोठे उंदीर या विषाणूला जुमानत नाहीत. पिल्ले मात्र कुठल्याही मार्गाने टोचला तरी मरतात. मोठ्या उंदराच्या थेट मेंदूत टोचला तरच तो मरतो. म्हणजे वयात आलेले शरीर विषाणूला मेंदूपर्यंत पोचू देत नाही, कोवळे शरीर त्याला अडवू शकत नाही.

२००३ च्या जून ते ऑगस्टमध्ये ही ओळ माणसांच्या बाबतीत वाचावी लागली. आंध्र प्रदेशात, मुख्यतः तेलंगणच्या वरंगळ, करीमनगर भागात, मुले मेंदूज्वराने पटापट मरू लागली. ३२९ मुले आजारी, १८३ मृत्यू. बहुतेक जण इस्पितळात आल्यापासून चोवीस तासांत गेली. महाराष्ट्रातही, नागपूरच्या बाजूला, मुले गेली. आधी सगळ्यांनी जपानी मेंदूज्वर धरला. तपासण्या तसे म्हणेनात. नमुने पुण्याला गेले आणि तिथे, छत्तीस वर्षांपूर्वी नाव दिलेला विषाणू पुन्हा समोर आला. सगळ्यांनी हे लगेच मान्य केले असे नाही. वेल्लोरचे ज्येष्ठ विषाणुतज्ज्ञ टी. जेकब जॉन यांना हा मेंदूज्वर वाटतच नव्हता. मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरचा आघात असावा, असे त्यांचे म्हणणे होते. असा वाद झाला हे मला चांगलेच वाटते. अनाथ विषाणूवर एका उन्हाळ्यात एवढा मोठा आरोप ठेवायचा, तर पुरावा उलटसुलट तपासायलाच हवा.

पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, तो आपल्याकडे आला. पूर्व गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात आजारी पडलेल्या मुलांपैकी चारांत तीनांहून अधिक दगावली. २००७ मध्ये नागपूर विभागात पुन्हा. आणि मग २०२४.

*

इथे आपण विचाराल, विषाणू माहीत, माशी माहीत, मग मूल दाखल झाल्या झाल्या तपासणी का होत नाही? याचे उत्तर प्रतिकारशक्ती, चयापचय आणि प्रयोगशाळा या तिघांच्या वेळा जुळत नाहीत, यात आहे.

आपल्या ओळखीची रक्ततपासणी बहुधा प्रतिपिंड शोधते. डेंग्यूसाठी रिपोर्टमध्ये 'आयजीएम' लिहिलेले आपण पाहिले आहे. पण नवा शत्रू पाहिल्यावर आयजीएम तयार व्हायला शरीराला चार-पाच दिवस लागतात. चांदीपुऱ्याचे मूल चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत जाते. तेव्हा मेलेल्या मुलाच्या रक्तात प्रतिपिंड नाहीत, म्हणून विषाणू नव्हता, असे म्हणणे म्हणजे पोलीस पोचण्याआधी चोर पळाला म्हणून चोरी झालीच नाही, असे म्हणणे. उलट जी मुले वाचली त्यांच्या रक्तात आठवड्याने प्रतिपिंड दिसतात, पण तोवर विषाणू रक्तातून नाहीसा झालेला असतो. मोठ्या माणसांच्या रक्तात पूर्वीच्या संसर्गाचे प्रतिपिंड असू शकतात. त्यांना आज आलेला ताप याचाच आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. जुन्या, न कळलेल्या ओळखीमुळेच बहुधा घरातले मोठे वाचतात आणि धाकटे जाते.

म्हणून पहिल्या दोन दिवसांत विषाणूच शोधावा लागतो. पूर्वी तो पेशींत किंवा उंदराच्या पिल्लात वाढवून पाहत, आणि त्याला दिवस लागत. १९८३ मध्ये कॅरी मलिस या अमेरिकन शास्त्रज्ञाला पीसीआरची कल्पना सुचली. विषाणूच्या जनुकाचा एक बारीक तुकडा घेऊन त्याच्या लाखो प्रती काढायच्या, म्हणजे नमुन्यातली सुई ढिगाएवढी होते. चांदीपुऱ्याचा वारसा आरएनएचा असल्याने आधी त्याचे डीएनएत रूपांतर करावे लागते, एवढेच जास्तीचे. २००३ नंतर या विषाणूसाठी अशी तपासणी पुण्यात बसवली गेली. पण तिलाही वेळेवर घेतलेला, थंड राखलेला नमुना लागतो. झटके येणाऱ्या मुलाच्या आईला त्या क्षणी "रक्त घेऊ द्या" म्हणणे सोपे नाही, आणि गेलेल्या मुलाच्या बापाला तर त्याहून नाही.

आता ती साखरेची गोष्ट. बिहारमध्ये मुजफ्फरपूरला अनेक वर्षे उन्हाळ्यात मुले अशीच मरत होती : पहाटे आकडी, बेशुद्धी, मृत्यू. सगळे जण विषाणू शोधत होते. २०१४ च्या साथीत ३९० मुले दाखल झाली, १२२ गेली, आणि तिथल्या सखोल तपासात रोगाचे मूळ लिचीत सापडले. रात्री न जेवता झोपलेल्या मुलांनी दिवसभर बागेत लिची खाल्ल्या होत्या. लिचीतले एक द्रव्य शरीराला साठ्यातून साखर बनवू देत नाही. पहाटे साखर तळाला जाते आणि मेंदू बंद पडतो. ताबडतोब ग्लुकोज दिले तर मूल वाचते. त्याआधी १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियात डॉ. रे यांनी वर्णन केलेला विकारही असाच फसवा. इन्फ्लुएन्झा किंवा कांजिण्या झालेल्या मुलात, विशेषतः ॲस्पिरिन दिल्यावर, यकृत बिघडते, साखर उतरते, रक्तातला अमोनिया वाढतो आणि मूल बेशुद्ध होते. बाहेरून पाहिले तर मेंदूज्वरच. म्हणून तापातल्या मुलाला ॲस्पिरिन देऊ नये, असे डॉक्टर सांगतात.

चांदीपुऱ्यावर औषध नाही, लसही नाही. पण दारातून आत आलेल्या बेशुद्ध मुलाच्या बोटाला टोचून साखर पाहायला एक मिनिट लागते, आणि ते यंत्र आज आपल्यापैकी निम्म्या घरांत मधुमेहापायी पडलेले आहे. साखर कमी असली तर ती भरायची, झटके थांबवायचे, ताप उतरवायचा, श्वास राखायचा. रोगाचे नाव कळण्याआधी करायची ही कामे आहेत. पुण्याचा रिपोर्ट या मुलासाठी बहुधा उशिराच येतो. तो पुढच्या गावातल्या मुलासाठी असतो.

उलट बाजूही आपण २०२१ मध्ये पाहिली. कोविडने आणि त्यावरच्या स्टिरॉइडने साखर चढली, प्रतिकारशक्ती दबली, आणि म्युकरमायकोसिसची काळी बुरशी नाकाडोळ्यांत शिरली. २८ जून २०२१ पर्यंत देशात ४०,८४५ रुग्णांची नोंद झाली होती आणि त्यांतल्या सुमारे ६४ टक्के जणांना मधुमेह होता. सुरतेच्या इस्पितळांबाहेर अँफोटेरिसिनसाठी लागलेल्या रांगा आठवतात ना? त्या रांगेत उभे राहिलेले काही जण हे वाचत असतील. त्यांना अधिक सांगायला नको.

*

२०२४ ला परत येतो. जुलैच्या सुरुवातीला हिंमतनगरच्या सिव्हिल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांना चांदीपुऱ्याची शंका आली. त्यांनी नमुने पुण्याला पाठवले. पुढे गांधीनगरच्या गुजरात बायोटेक्नॉलॉजी रिसर्च सेंटरमध्येही तपासणी सुरू झाली, म्हणजे नमुन्यांना राज्य ओलांडायची गरज उरली नाही. जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत मेंदूज्वरासारख्या लक्षणांचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यांतल्या ६४ जणांत चांदीपुरा सिद्ध झाला, ६१ गुजरातचे आणि तीन राजस्थानचे. मागच्या वीस वर्षांतली ही सर्वांत मोठी साथ. २००३ मध्ये शंभरात पंचावन्न मुले गेली होती, इथे तेहेतीस. या दोन आकड्यांची तुलना करताना जपायला हवे, कारण २४५ मध्ये इतर कारणांनी आजारी पडलेलीही मुले आहेत. उरलेल्या १८१ जणांना नेमके काय झाले होते, या प्रश्नाला गोळीच्या आकाराचा एक विषाणू पुरेसा नाही.

आरोग्य खात्याची माणसे मातीच्या घरांच्या भिंतींवर, भेगांत मॅलॅथिऑनची भुकटी मारत फिरत होती. आपली बहुतेकांची घरे आता पक्की आहेत. पण कडोदऱ्यापासून पलसाणा-बारडोलीकडे गेलो की शेताच्या कडेला चटयांची खोपटी दिसतात, मिलच्या मागे मजुरांच्या ओळी दिसतात, आणि त्यांत आपल्याच तापीकाठची, आपल्यासारखीच बोलणारी माणसे राहतात. चार पिढ्यांपूर्वी आपण त्याच खोपटांत होतो.

टपरीवरच्या त्या गृहस्थांना दिवाळीनंतर मी हे सगळे सांगितले, जमेल तेवढ्या गुजरातीत. त्यांनी ऐकून घेतले. त्यांना विषाणूपेक्षा माशीत रस होता. केवढी असते, कुठे बसते, मच्छरदाणीतून येते म्हणजे काय. मग म्हणाले, त्यांच्या गावी गोठ्याची मागची भिंत अजून मातीचीच आहे, नातवंडे सुट्टीत तिथेच खाटा टाकतात. चहाचा पेला खाली ठेवून त्यांनी तिथूनच भावाला फोन लावला आणि भिंतीला किती भेगा आहेत ते विचारले.